तूप पचते कसे, आणि पचत नाही तेव्हा

शौचाविषयी मोकळेपणाने बोलायला आपल्याकडे माणसे संकोचतात. डॉक्टरांपुढे बसल्यावरही ‘पोट साफ होत नाही’ किंवा ‘अन्न अंगी लागत नाही’ यापलीकडे तपशील सांगितला जात नाही. आजच्या विषयाची सुरुवात मात्र तिथूनच करावी लागेल. शौचाचे प्रमाण भरपूर, रंग फिकट, वास नेहमीपेक्षा उग्र, पाण्यावर तेलाचा तवंग, आणि बादलीभर पाणी ओतले तरी भांड्याला चिकटून राहणारा मळ. ही लक्षणे आठवडेच्या आठवडे दिसत असतील आणि त्यासोबत वजन उतरत असेल, तर ते साधे अपचन नव्हे. खाल्लेले तेल-तूप शरीरात शिरण्याऐवजी जसेच्या तसे बाहेर पडत आहे, असा त्याचा अर्थ होतो. (नुसते शौच पाण्यावर तरंगते म्हणून घाबरून जाऊ नये. वायूमुळेही ते तरंगते. खूण आहे ती तवंगाची आणि चिकटपणाची.)

अशा वेळी घरात काय होते, हे बहुतेकांनी पाहिलेले असते. आधी तूप बंद, मग तेल बंद, मग दूध बंद. मऊ भात आणि वरणाचे पाणी यांवर रुग्णाला ठेवले जाते. कोणी हिंगाष्टक देते, कोणी औषधाच्या दुकानातून पाचक सरबत आणते. रुग्ण आणखी वाळतो. वास्तविक यात उणीव असते ती एका विशिष्ट पाचक द्रव्याची, आणि ते द्रव्य बाहेरून देता येते. त्या द्रव्याचे नाव लायपेज.

त्रिशूळाची दोन पाती

जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला आडवे असे एक अवयव आपल्या पोटात असते. लांबी साधारण १५ सेंटिमीटर, वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. याला स्वादुपिंड म्हणतात. मधुमेहामुळे हे नाव आता घराघरांत पोहोचले आहे, कारण इन्शुलिन येथेच तयार होते. पण स्वादुपिंडाचा फार मोठा भाग इन्शुलिनसाठी नसून पाचकरसासाठी असतो. दिवसाकाठी एक ते दीड लिटर पाचकरस तेथून एका नळीने लहान आतड्याच्या सुरुवातीला येऊन पडतो. पिष्टमय पदार्थ, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ, तिन्हींचे पचन करणारी विकरे, म्हणजे एन्झाइम्स, त्यात असतात. पिष्टाचे काम लाळेतही थोडे होते, प्रथिनांचे जठरातही होते. स्निग्धाचे काम मात्र मुख्यतः स्वादुपिंडाच्या लायपेजवरच येऊन पडते. म्हणून स्वादुपिंड मोडकळीला आले की सर्वांत आधी तेल-तूप अडते.

तूप असो, शेंगदाण्याचे तेल असो की मांसातील चरबी, रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्यांचा मुख्य घटक एकच. ग्लिसरॉलचा एक दांडा आणि त्याला जोडलेली मेदाम्लांची तीन लांब पाती. त्रिशूळच म्हणा ना. एवढा मोठा त्रिशूळ आतड्याच्या पेशीत शिरू शकत नाही. लायपेज त्याची बाजूची दोन पाती छाटते. मधले पाते दांड्याला तसेच राहते. हे तिन्ही तुकडे आतड्याच्या पेशी आत ओढून घेतात आणि आत गेल्यावर त्यांचा पुन्हा त्रिशूळ जुळवतात. निसर्गाला हा उपद्व्याप का करावासा वाटला असेल, असा प्रश्न पडतो. पण दार लहान असले की खाट सुटी करूनच आत न्यावी लागते.

हे काम स्वादुपिंडाचे आहे हे कळले त्याची गोष्ट मोठी मनोरंजक आहे. १८४६ साली फ्रान्समधील शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार सशांवर प्रयोग करत होते. स्निग्ध आहारानंतर आतड्यातून निघणाऱ्या बारीक रसवाहिन्या दुधासारख्या पांढऱ्या होतात, हे त्या काळी माहीत होते. कुत्र्यामध्ये हा पांढरेपणा आतड्याच्या अगदी सुरुवातीपासून दिसतो. सशात मात्र तो बऱ्याच खाली सुरू होताना दिसला. बर्नार यांनी शोध घेतला. सशामध्ये पित्ताची नळी आतड्यात वर उघडते आणि स्वादुपिंडाची नळी तिच्यापासून सुमारे फूटभर खाली. पांढरेपणा सुरू होत होता तो या दुसऱ्या नळीपासून. म्हणजे एकट्या पित्ताने चरबी पचत नव्हती. ज्या काळात रासायनिक तपासण्या जवळजवळ नव्हत्या, त्या काळात केवळ डोळे उघडे ठेवून काढलेला हा निष्कर्ष होय. १८५६ मध्ये त्यांनी स्वादुपिंडावर स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला.

झाकण आणि नांगर

पित्त निरुपयोगी आहे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. तेल पाण्यात मिसळत नाही. खरकट्या कढईत साबण टाकल्यावर तेलाचे जसे बारीक थेंब होतात, तसे काम पित्तातील क्षार आतड्यात करतात. थेंब जितके बारीक, तितका लायपेजला हात घालायला पृष्ठभाग जास्त. पण येथे एक अडचण उभी राहते. पित्तक्षार त्या थेंबावर असे दाटीवाटीने बसतात की लायपेजला तेथे टेकायला जागाच उरत नाही, ते ढकलले जाते. यावर शरीराने तोड काढली आहे. कोलायपेज नावाचे एक छोटे प्रथिन स्वादुपिंडातूनच येते, ते नांगरासारखे थेंबाला धरून बसते आणि लायपेजला आपल्यापाशी खिळवून ठेवते. लायपेज कितीही असले आणि हा नांगर नसला, तर पचन होत नाही.

लायपेजची प्रत्यक्ष घडण १९९० साली क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. त्यात असे दिसले की छाटणी करणाऱ्या जागेवर एक झाकण असते. लायपेज पाण्यात तरंगत असताना हे झाकण मिटलेले राहते. तेलाच्या थेंबाशी गाठ पडली की ते बाजूला होते आणि काम सुरू होते. विळी जशी वापर नसताना मिटून ठेवावी, तसेच हे.

आता जुन्या घरांतील एका प्रथेकडे वळू. महिन्या-दोन महिन्यांनी रविवारी मुलांना एरंडेल पाजण्याची पद्धत होती. (आता ही पद्धत मागे पडली ते बरेच झाले, विनाकारण रेचक देऊ नये.) एरंडेल तेल स्वतः रेचक नाही. लायपेजने त्याची पाती छाटली की रिसिनोलिक आम्ल सुटे होते आणि आतड्याला जोर येतो तो त्या आम्लामुळे. म्हणजे आजीच्या वाटीतील एरंडेलाचा गुण येत असे तो नातवाच्या लायपेजच्या कृपेने.

दहाव्या गुणसूत्रावरील पाककृती

शरीरातील प्रत्येक प्रथिनाची पाककृती जनुकात लिहिलेली असते. लायपेजची पाककृती आपल्या दहाव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर आहे. शास्त्रज्ञ त्या जनुकाला ‘पीएनएलआयपी’ या आद्याक्षरांनी ओळखतात. १९८९ मध्ये मानवी लायपेजची ही पाककृती प्रथम वाचली गेली. त्यानुसार ४६५ अमिनो आम्लांची साखळी तयार होते, त्यातील पहिली १६ ही पाकिटावरच्या पत्त्यासारखी असतात. साखळी योग्य ठिकाणी पोहोचली की ती तोडली जातात आणि ४४९ ची साखळी कामाला लागते. शेजारीच याच घराण्यातील आणखी तीन जनुके आहेत. त्यांपैकी एकाचे प्रथिन दिसायला अगदी लायपेजसारखे, पण त्याला चरबी छाटता येत नाही. घराण्यात एखादा असा असतोच. नांगराचे, म्हणजे कोलायपेजचे, जनुक मात्र दूर सहाव्या गुणसूत्रावर आहे.

हे जनुकच बिघडलेले असले तर? असे होते, पण इतके क्वचित की साऱ्या जगात मिळून असे काही डझनच रुग्ण वैद्यकीय नोंदींत आहेत. अशी मुले जन्मापासून तेलकट आणि भरपूर शौच करतात. त्यांच्यातील जनुकाचा नेमका दोष कित्येक वर्षे सापडला नव्हता. २०१४ मध्ये अरब वंशाच्या एका कुटुंबातील दोन भावांत तो प्रथम दाखवता आला. साखळीतील २२१ व्या जागी थ्रिओनिनऐवजी मेथिओनिन बसले होते. एक मणी बदलला, पण त्यामुळे साखळीची घडीच नीट बसत नाही, आणि घडी न बसलेले प्रथिन कामाचे नसते. या भावांचे आई-वडील एकमेकांच्या नात्यातील होते. हा दोष दिसण्यासाठी आईकडून आणि वडिलांकडून, दोन्ही प्रती बिघडलेल्या याव्या लागतात. एक प्रत चांगली असेल तर त्या माणसाला काही त्रास होत नाही. दोघेही पालक असे वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा दोष येण्याची शक्यता चारात एक. मामाच्या किंवा आत्याच्या मुला-मुलींशी लग्नाची रीत असलेल्या आपल्याकडील घरांनीही हा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. तो या एकाच आजाराला लागू नाही.

नवल असे की एवढे असूनही या भावांची वाढ आणि एकूण प्रकृती चांगली होती. याचे कारण त्यांच्यात फक्त लायपेज नव्हते, बाकीचा पाचकरस शाबूत होता. जठरातही थोडे लायपेज असते, तेही काही हातभार लावते.

विशेष म्हणजे, हीच स्थिती मुद्दाम आणणारे औषध बाजारात आहे. ऑर्लिस्टॅट असे त्याचे नाव. मातीतील एका जिवाणूपासून मिळालेल्या द्रव्यावर ते आधारलेले असून अमेरिकेत १९९९ मध्ये लठ्ठपणासाठी त्याला मान्यता मिळाली. ते लायपेजची धार बोथट करते आणि आहारातील सुमारे तीस टक्के स्निग्ध पदार्थ न पचता बाहेर जातो. ते घेऊन वर भजी खाणाऱ्याची जी फजिती होते, ती कपड्यांवरील तेलाच्या डागांवरून घरच्यांनाही कळते. डॉक्टरांना न विचारता हे औषध घेऊ नये.

दोषी बहुधा वेगळाच

आपल्या गावात तेलकट शौचाचा रुग्ण आढळला तर लायपेजचे जनुक दोषी असण्याची शक्यता नगण्य आहे. पाककृती ठीक असते, स्वयंपाकघरच पडलेले असते. म्हणजे स्वादुपिंडाला वारंवार सूज येऊन त्याच्या पेशी मरतात, तेथे निबर वण राहतो, नळीत खडे होतात. यामागे मद्यपान हे मोठे कारण आहे, तंबाखूचे धूम्रपान त्याला साथ देते. पण दारूच्या थेंबालाही न शिवलेल्या तरुणांत, प्रसंगी शाळकरी मुलांतही, हा विकार होतो आणि तो आपल्या देशात विशेष आढळतो. केरळमधील डॉ. गीवर्गीस यांनी १९६० च्या दशकात अशा शेकडो रुग्णांचा अभ्यास केला. आधी पोटदुखी, मग मधुमेह, मग तेलकट शौच, अशी ही वाट. बरीच वर्षे टॅपिओकाच्या कंदांवर, म्हणजे ज्यापासून आपला साबुदाणा होतो त्यांवर, दोषारोप होत राहिला. पण त्याला भक्कम पुरावा मिळाला नाही. २००२ मध्ये हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी एक वेगळीच बाब दाखवली. यांपैकी बऱ्याच रुग्णांत ‘स्पिंक-१’ नावाच्या जनुकात बदल असतो. प्रथिने पचवणारे विकर स्वादुपिंडातच वेळेआधी जागे झाले तर त्याला लगाम घालणारे प्रथिन या जनुकाचे. लगाम सैल, म्हणून स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागते. हा बदल असलेल्या सर्वांना आजार होतो असे नाही. म्हणून याला शाप समजून घरातील मुलींची लग्ने अडवण्याचे कारण नाही.

लहान मुलाला तेलकट शौच, सतत खोकला, आणि पापी घेताना त्याची कातडी खारट लागते असे आई सांगत असेल, तर सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक विकाराची तपासणी करावी. त्यात सातव्या गुणसूत्रावरील दोषामुळे स्राव चिकट होतात आणि स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबतात. हा गोऱ्यांचाच आजार, असा समज डॉक्टरांतही होता, तो खरा नाही.

तान्ह्या बाळाची गोष्ट वेगळी. जन्मतः बाळाच्या स्वादुपिंडात लायपेज अत्यल्प असते. ती उणीव भरून काढायला आईच्या दुधातच एक लायपेज असते, ते बाळाच्या पोटातील पित्ताने जागे होते. दूध तापवले की ते नष्ट होते. गाईच्या दुधाला किंवा डब्याच्या पावडरीला ही सोय नाही. स्तनपानाच्या बाजूने अनेक कारणे सांगितली जातात, त्यात हे सहसा कोणी सांगत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा आकडा. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील संशोधकांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की लायपेजचा स्राव दहा टक्क्यांच्या खाली गेल्याशिवाय शौचातून चरबी जाऊ लागत नाही. निसर्गाने एवढी शिल्लक ठेवली आहे. पण त्याची दुसरी बाजू अशी की तवंग दिसू लागतो तेव्हा स्वादुपिंडाचे बहुतेक काम थांबलेले असते. तवंग दिसल्यावर ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणणे म्हणूनच परवडत नाही. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला तवंगाबरोबर काविळीची झाक, नव्याने निघालेला मधुमेह किंवा झपाट्याने उतरणारे वजन असेल, तर एक दिवसही दवडू नये. स्वादुपिंडाचा कर्करोग असाच गुपचूप येतो.

रक्ताचा रिपोर्ट

पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर ‘लायपेज’ हा शब्द दिसला की अनेकजण त्याची सांगड कोलेस्टेरॉलशी घालतात. ‘लिपिड प्रोफाइल’ वेगळे, लायपेज वेगळे. रक्तातील लायपेज पाहतात ते पोटात वरच्या भागी अचानक असह्य कळ येऊन ती पाठीत जात असेल तेव्हा. ते नेहमीच्या कमाल मर्यादेच्या तिप्पट किंवा अधिक निघाले तर स्वादुपिंडाला तीव्र सूज आल्याचे धरले जाते. त्याची कारणे मुख्यतः दोन, पित्ताचे खडे आणि दारू. या आजारात लायपेज आतड्याऐवजी आजूबाजूच्या चरबीवर तुटून पडते. सुटलेली मेदाम्ले कॅल्शियमशी जुळून पोटात खडूसारखे पांढरे ठिपके उठतात. तो अक्षरशः साबणच असतो. अशा रुग्णाला ‘गॅस धरला’ म्हणून सोडा-पाणी देत रात्र काढू नये, थेट रुग्णालयात न्यावे.

हळूहळू वाळत जाणाऱ्या रुग्णात मात्र रक्तातील लायपेजचा फारसा उपयोग नाही, ते नॉर्मल येऊ शकते आणि नाहक समाधान होते. तेथे शौचातील ‘इलास्टेज’ नावाच्या विकराची तपासणी करतात. एका ग्रॅममागे २०० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी आले तर स्वादुपिंड कमी पडते आहे असा संशय घ्यावा, १०० च्या खाली असेल तर उणीव मोठी. जिल्ह्याच्या ठिकाणची प्रयोगशाळा नमुना मोठ्या शहरात पाठवून ही तपासणी करून देते. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्ये नळीतील खडे दिसतात.

औषध, आणि ते कसे घ्यावे

उपचार म्हणजे तयार स्वादुपिंड-विकरांच्या कॅप्सूल. डबीवर लायपेजचे युनिट छापलेले असतात. २०१७ च्या युरोपीय मार्गदर्शिकेनुसार प्रौढाला मुख्य जेवणाबरोबर ४० ते ५० हजार युनिट आणि मधल्या खाण्याला त्याच्या निम्मे, येथून सुरुवात करतात. पुढे कमी-जास्त डॉक्टर ठरवतात. औषध महाग आहे, हे मान्य. म्हणूनच ते वाया जाऊ नये.

वाया जाते ते असे. रुग्ण ते जेवणानंतर तासाभराने, इतर गोळ्यांबरोबर घेतो. तोवर घास पुढे निघून गेलेला असतो. ही कॅप्सूल जेवणातच घ्यायची, पहिल्या घासांबरोबर काही आणि जेवण मध्यावर आले की उरलेली. आतील दाणे चावायचे किंवा कुटायचे नाहीत. जठरातील आम्लाने लायपेज मरते, म्हणून त्या दाण्यांवर आवरण दिलेले असते. मुलाला गिळता येत नसेल तर कॅप्सूल उघडून दाणे आंबटसर फळाच्या गरात घालून लगेच भरवावेत. गरम खिरीत किंवा दुधात घालू नयेत. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत, फडताळावर ठेवलेल्या डबीतील औषधाचा कस उतरतो. घरातील थंड जागा शोधावी.

दुकानात मिळणारी पाचक सरबते यावर चालत नाहीत. त्यांत बहुधा बुरशीपासून काढलेले डायस्टेज आणि पेप्सिन असते. एक भाताचे, एक प्रथिनांचे. तुपाशी त्यांचा संबंध नाही.

एक गोष्ट रुग्णाला आधी सांगितली पाहिजे आणि पुष्कळदा सांगितली जात नाही. ही विकरे डुकराच्या स्वादुपिंडापासून काढलेली असतात. मुसलमान किंवा शाकाहारी रुग्णाला हे नंतर दुकानदाराकडून कळले की तो औषध टाकून देतो आणि डॉक्टरवरचा विश्वासही टाकतो. आधी सांगितले, का लागते हे समजावले, तर बहुतेकजण विचार करून, आपल्या घरातील वा धर्मातील जाणत्यांना विचारून निर्णय घेतात. तो निर्णय त्यांचा असावा.

आणि तूप? पूर्वी आम्ही डॉक्टर मंडळीही ते बंद करायला सांगत असू. आता तसे सांगत नाहीत. तीच २०१७ ची मार्गदर्शिका सांगते की कॅप्सूलने लक्षणे आटोक्यात येत असतील तर स्निग्ध पदार्थ तोडू नयेत. एक ग्रॅम तुपातून नऊ उष्मांक मिळतात, भाताच्या पिठूळ भागातून चार. खंगलेल्या माणसाचे वजन भरून यायचे तर हे नऊ सोडून चालत नाही. शिवाय अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे तेला-तुपाबरोबरच शरीरात जातात. ती गेली नाहीत तर रातांधळेपणा, हाडांचा ठिसूळपणा, जखमेतून जास्त रक्त जाणे हे मागोमाग येते. तेव्हा पोळीला तूप लावावे, दिवसाचे जेवण दोन वेळा भरपूर घेण्यापेक्षा चार-पाच वेळा थोडे थोडे घ्यावे आणि प्रत्येक वेळी कॅप्सूल विसरू नये. दारू आणि विडी-सिगारेट पूर्ण बंद. मधुमेह असेल तर साखर वरचेवर तपासावी, कारण अन्न अंगी लागू लागले की इन्शुलिनची मात्रा बदलावी लागते, आणि या प्रकारच्या मधुमेहात साखर एकाएकी खूप उतरण्याचा धोकाही अधिक असतो.

औषध लागू पडले हे ओळखायला रक्त तपासण्याचीही गरज नाही. दोन-तीन आठवड्यांत भांड्यावरचा तवंग जातो आणि पुढे काही आठवड्यांत वजनाचा काटा सरकतो. तसे झाले नाही तर आधी कॅप्सूल केव्हा आणि किती घेतली जाते ते पाहावे, मात्रा वाढवावी, जठरातील आम्ल कमी करणारी गोळी जोडून पाहावी. आणि तरीही फरक नसेल तर आतड्याचा दुसरा काही आजार आहे का, याचा शोध डॉक्टरांनी घ्यावा.